विठाबाई नारायणगावकर : एका आख्यायिकेचा पुनर्विचार

तमासगीर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयी एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. खेळ चालू असता प्रसववेदना सुरू झाल्या. बोर्डामागे बाळंतपण झाले. दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा नाचावयास सिद्ध झाल्या. हा प्रसंग बहुधा कलानिष्ठेचा दाखला म्हणून गौरविला जातो. हा अर्थ खोटा नव्हे. पण अपुरा आहे.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे ठाणे. पाडव्याच्या सुमारास तेथील राहुट्यांत गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. सुपारी घेतली की खेळ चुकवता येत नाही. प्रमुख नर्तिका थांबली तर साऱ्या फडाची चूल थांबते. ह्या व्यवहारात बाळंतिणीला रजा नाही. आख्यायिकेचा शेवटही हेच सुचवितो : हकीकत कळताच प्रेक्षकांनीच त्यांना विश्रांती घ्यावयास सांगितले. सुटका मिळाली ती हक्काने नव्हे, दयेने.

१९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतिपुरस्कार लाभूनही विठाबाईंची अखेर विपन्नावस्थेत झाली. राज्यशासनाचा तमाशाविषयक जीवनगौरव पुरस्कार पुढे त्यांच्याच नावे दिला जाऊ लागला. एका रात्रीचे धैर्य लोकस्मृतीने जपले. जन्मभराचे श्रम मात्र त्याच्या तेजात झाकले गेले. अभ्यासकाने ते दृष्टीआड करू नयेत.