पहिल्या दाबाला गप्प राहणारं बटण

केंद्र सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा. पान जागचं हलत नाही, फक्त शेजारची यादी बदलते आणि तिच्यात राज्यातली परिवहन कार्यालयं दिसू लागतात. एमएच 36 पाशी थांबा, ते आपलं भंडारा. आता त्याच पानाचा मूळ मजकूर उघडा. त्यात प्राइमफेसेस या जावा घटकसंचाच्या खुणा जागोजागी आहेत आणि फॉर्मच्या पोटात एक अदृश्य रकाना आहे, जावाएक्स.फेसेस.व्ह्यूस्टेट. जावाच्या जगातली इतकी सुंदर, इतकी दुर्लक्षित ओळ दुसरी नाही असं मला मनापासून वाटतं.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाला मुळात स्मृती नसते. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवखीच. 2004 मध्ये आलेल्या जावासर्व्हर फेसेसने, म्हणजे जेएसएफने, यावर उपाय म्हणून प्रत्येक पानाचा एक वृक्ष सर्व्हरवर उभा केला. कोणता रकाना, त्यात काय, कोणती यादी उघडी, हे सारं त्या वृक्षात असतं. तो वृक्ष पुन्हा सापडावा म्हणून अदृश्य रकान्यात त्याची खूण ठेवायची. सायकल स्टँडवरच्या बिल्ल्यासारखीच ही सोय: सायकल तिकडे, बिल्ला आपल्या खिशात. मोहारा या मूळ अंमलबजावणीत स्मृती सर्व्हरवर ठेवली, तर ही खूण म्हणजे मध्ये अपूर्णविराम (:) असलेले दोन लांबलचक आकडे असतात. पहिला पानाचा, दुसरा त्या पानाच्या एका अवस्थेचा.

खरी गंमत यापुढे आहे. स्मृती असते अख्ख्या पानाची, पण खूण ठेवावी लागते फॉर्ममध्ये, कारण ब्राउझर पाठवतो तो फॉर्म. पानावर तीन फॉर्म असतील तर तीच खूण तीन ठिकाणी हवी. पानाची मालमत्ता आणि फॉर्मचा खिसा यांतली ही फट जोवर पान एकसंध ये-जा करतं तोवर जाणवतही नाही. 2009 मध्ये जेएसएफ 2.0 ने एजॅक्स प्रमाणित केलं, पानाचा तुकडाच तेवढा बदलू लागला, आणि फट उघडी पडली.

भंडारा जिल्ह्यासाठी धान नोंदणीचं एक पान लिहिलंय असं समजू. वरच्या फॉर्ममध्ये भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सात तालुक्यांची यादी. खाली एका चौकटीत दुसरा फॉर्म, त्यात गावांची यादी आणि ‘नोंदवा’ हे एजॅक्सवर चालणारं बटण. तालुक्याच्या यादीला जेएसएफचं साधं एफ-एजॅक्स जोडलंय आणि त्याला सांगितलंय की खालची चौकट ताजी कर. तुमसर निवडलं, गावं आली. ‘नोंदवा’ दाबलं. काही नाही. त्रुटीचा संदेश नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ नाही. पुन्हा दाबलं, आणि बटण जागं झालं.

हे कोडं मी कितीही वेळा सोडवायला तयार आहे, कारण त्याचं उत्तर फार नितळ आहे. चौकटीचा नवा मजकूर आला तेव्हा आतल्या फॉर्ममध्ये खूण नव्हती. एजॅक्सच्या उत्तरात ती वेगळी येते. जेएसएफची स्क्रिप्ट ती खूण विनंती पाठवणाऱ्या फॉर्ममध्ये आणि नाव घेऊन सांगितलेल्या फॉर्ममध्येच ठेवते. आपण नाव घेतलं चौकटीचं. आत फॉर्म आहे का, हे तिने पाहिलंच नाही. बिनखुणेचा फॉर्म सर्व्हरकडे गेल्यावर त्याला वाटलं, हा पाहुणा पहिल्यांदाच येतोय. जेएसएफच्या सहा टप्प्यांपैकी मधले चार, म्हणजे मूल्यं घेणं, तपासणं, साठवणं आणि कृती करणं, त्याने गाळले आणि सरळ उत्तर दिलं. त्या उत्तरातून नवी खूण आली, ती पाठवणाऱ्या फॉर्ममध्ये बसली, म्हणून दुसरा दाब चालला. पण ही खूण नव्या वृक्षाची. तालुक्याची निवड त्या पानापुरत्या जगणाऱ्या बीनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा वस्तूमध्ये असेल, तर नव्या बीनला तुमसर ठाऊकच नाही. मग समोर दिसणारं गाव निवडूनही ‘मूल्य वैध नाही’ असा संदेश येतो.

आता तालुक्याच्या यादीला प्राइमफेसेसचं पी-एजॅक्स लावा. दोष नाहीसा! तुर्कस्तानच्या चाताय चिविजींनी सुरू केलेल्या या संचाची एजॅक्स स्क्रिप्ट स्वतःची आहे, जेक्वेरीवर बेतलेली. आलेली खूण ती पानावरच्या फॉर्मांमध्ये सगळीकडे वाटते, रकाना नसेल तिथे तो तयार करते. एका स्क्रिप्टच्या लेखी स्मृती फॉर्मची, दुसरीच्या लेखी पानाची. माझ्या मते दुसरी बरोबर.

म्हणूनच दोन्ही एकाच पानावर नांदतात तेव्हा दोष सर्वांत चकवा देतो. एका यादीतून आलात तर बटण चालतं, दुसरीतून आलात तर नाही, आणि प्रोग्रामर मात्र बटणामागचा कोड तपासत बसतो. तिथे काहीच बिघडलेलं नसतं. ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये पाठवलेली विनंती उघडून व्ह्यूस्टेट आहे का एवढं पाहावं. नसेल, तर एफ-एजॅक्सला काय ताजं करायचं हे सांगताना चौकटीसोबत आतल्या फॉर्मचंही नाव घालावं. बाउके शोल्ट्झ आणि आर्यन टाइम्स यांच्या ऑम्नीफेसेस या जेएसएफच्या मदतसंचामध्ये यासाठीच एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती हरवलेली खूण फॉर्ममध्ये परत ठेवते. 2017 मध्ये जेएसएफ 2.3 आलं तेव्हा प्रमाणानेच हा दोष दूर केला. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या पानांना मात्र फॉर्मचं नाव अजून स्वतःच द्यावं लागतं.