नकाराचे व्याकरण : सैतानपंथीय चित्र आणि नाद

एखाद्या धर्मसंस्थेला नाकारणारी कला त्या धर्मसंस्थेपासून खरोखर किती दूर जाऊ शकते, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच भाषाशास्त्राचाही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व युरोपात सैतानाच्या नावाने जी चित्रकला आणि जे प्रयोगशील संगीत निर्माण झाले, त्याचा विचार बहुधा दोनच भूमिकांवरून होत आला आहे. एका पक्षाला त्यात समाजाला लागलेली कीड दिसते; दुसऱ्याला तो पोरकट तमाशा वाटतो. दोन्ही पक्षांनी कृती पाहण्या-ऐकण्यापूर्वीच निर्णय दिलेला असतो. या कलेचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रथम संज्ञेचा निर्देश करणे आवश्यक आहे. ‘सैतानपंथ’ हा एकसंध संप्रदाय नव्हे. आंतोन लाव्हे यांनी ३० एप्रिल १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केले. परंतु त्यांच्या मते सैतान ही अस्तित्वात असलेली शक्ती नसून मानवी वासनांचे व अहंतेचे प्रतीक होते. इंग्लंडमधील व्हेनम या वाद्यवृंदाने १९८२ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेला ‘ब्लॅक मेटल’ हे नाव दिले, आणि पुढे तेच एका संगीतप्रकाराचे नाव झाले. पण खुद्द व्हेनमच्या लेखी सैतान हा रंगमंचाचा साज होता. उलट १९९० नंतरच्या नॉर्वेतील काही तरुणांनी त्याच्यावर अक्षरशः श्रद्धा असल्याचे जाहीर केले. प्रतीक, साज आणि श्रद्धा या तीन भिन्न गोष्टी एकाच नावाखाली वावरतात, आणि त्यांची गल्लत झाली की समीक्षेचा पायाच ढळतो.

या गोंधळातून वाट काढण्यास आपल्याकडील वैयाकरणांनी केलेली नकाराची मीमांसा उपयोगी पडते. ‘नञ्’ या निषेधवाचक अव्ययाचे त्यांनी सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. याखेरीज नकाराच्या दोन जाती त्यांनी वेगळ्या केल्या. ‘पर्युदासा’त नकार नामाशी जोडलेला असतो, तो एका वस्तूला वगळतो, पण तिच्यासारखीच दुसरी वस्तू सुचवितो. ‘प्रसज्यप्रतिषेधा’त नकार क्रियेशी जोडलेला असतो, तेथे क्रियेचाच निषेध होतो आणि पर्यायी वस्तू उरत नाही. सैतानपंथीय चित्रकला बहुतांशी पहिल्या जातीची आहे, आणि तिच्याभोवती वाढलेले संगीत आपल्या उत्तम क्षणी दुसऱ्या जातीकडे झुकते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चित्राचा विचार आधी करू. आज सैतानाची म्हणून जी आकृती सर्वत्र ओळखली जाते, ती फ्रेंच गूढविद्यावादी एलिफास लेव्ही यांनी आपल्या १८५४ ते १८५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी रेखाटली. बकऱ्याचे मस्तक, शिंगांमध्ये पेटती मशाल, स्त्रीचे स्तन, एक हात वर आणि एक खाली, कपाळावर सरळ पंचकोन, असे तिचे स्वरूप आहे. लेव्हींच्या दृष्टीने ही विरुद्ध तत्त्वांच्या समतोलाची प्रतिमा होती. तीत सैतानाचे स्तवन नव्हते. पुढे १८९७ मध्ये स्तानिस्लास द ग्वाइता यांच्या ग्रंथात उलट्या पंचकोनात बसविलेले बकऱ्याचे मस्तक आले, आणि त्याच घाटाची आकृती १९६८ मध्ये लाव्हे यांच्या ‘द सेटनिक मास’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर झळकली. समतोलाचे चिन्ह अशा रीतीने विरोधाचे चिन्ह बनले.

भाषेच्या इतिहासात या घटनेला एक जवळचा दाखला आहे. ‘असुर’ हा शब्द मूळचा नकारवाचक नाही. ऋग्वेदात तो वरुणासारख्या देवतांनाही लावलेला आढळतो. पुढे त्यातील ‘अ’ हा निषेधवाचक समजला गेला आणि त्यापासून ‘सुर’ हा देववाचक शब्द मागाहून तयार झाला. विरोधाचे व्याकरण एकदा प्रस्थापित झाले, की पूर्वीच्या स्वतंत्र चिन्हालाही ते आपल्या चौकटीत ओढून घेते. लेव्हींच्या आकृतीचे नेमके हेच झाले.

या चौकटीतील नकार बोथटच असतो, असे मात्र मानू नये. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘द सेटनिक टेंपल’ या निराळ्या संस्थेने लेव्हींच्या आकृतीवरून घडविलेला ब्राँझचा पुतळा २०१५ मध्ये डेट्रॉइट येथे प्रकट केला. त्यात स्तन गाळले असून आसनाच्या दोन्ही बाजूंना आकृतीकडे पाहणारी दोन मुले उभी केली आहेत. शिल्प म्हणून त्यात नवे फारसे नाही. परंतु शासकीय आवारात दहा आज्ञांची शिला उभारता येत असेल, तर आमच्या मूर्तीलाही तेथे जागा द्या, असा युक्तिवाद त्याच्यामागे होता. २०१८ मध्ये तो पुतळा आर्कन्सॉच्या विधानभवनासमोर काही काळ आणून ठेवण्यातही आला. हा शुद्ध पर्युदास होय. शिला नसती तर पुतळ्याला अर्थ उरला नसता. त्याचे यश राजकीय वाक्याचे यश आहे आणि ते त्याच मापाने मोजले पाहिजे.

संगीताकडे वळताना प्रारंभ पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोपासूनच करावा लागतो. वर उल्लेखिलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर विधीचे ध्वनिमुद्रण आहे, दुसऱ्या बाजूवर लाव्हे यांचे वाचन. विधीचा क्रम ख्रिस्ती उपासनेचाच आहे; नावे तेवढी बदललेली आहेत. वाचनाच्या पार्श्वभूमीला बेटहोव्हन आणि वाग्नर आहेत. संगीताच्या दृष्टीने यात काहीही नाकारलेले नाही. लाव्हे स्वतः ऑर्गनवादक होते, जुनी भावगर्भ लोकप्रिय गीते त्यांना प्रिय होती आणि रॉक संगीताविषयी त्यांना तिटकारा होता, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. ज्यांच्या नावाने पुढे एवढा कर्कश नाद उठला, त्यांची स्वतःची अभिरुची पूर्णपणे परंपरानिष्ठ होती.

त्याच वर्तुळात १९६९ मध्ये तयार झालेला केनेथ अँगर यांचा ‘इन्व्होकेशन ऑफ माय डीमन ब्रदर’ हा सुमारे अकरा मिनिटांचा चित्रपट मात्र वेगळ्या जातीचा आहे. लाव्हे त्यात प्रत्यक्ष दिसतात. परंतु त्याचा कस मिक जॅगर यांनी मूग सिंथेसायझरवर तयार केलेल्या नादात आहे. एकच खरखरीत ध्वनिखंड पुनःपुन्हा येत राहतो. तो चढत नाही, उतरत नाही, कोठे विश्रांत होत नाही. पडद्यावरच्या चिन्हांचा अर्थ सांगता येतो, नादाचा सांगता येत नाही; आणि पाहणाऱ्याची अस्वस्थता त्या न सांगता येण्यातूनच उपजते. येथे नकार चर्चला उद्देशून नाही. संगीताने कोठेतरी पोहोचले पाहिजे, या अपेक्षेलाच तो दिलेला नकार आहे.

नॉर्वेतील संगीताने हा दुसरा नकार शेवटापर्यंत नेला. ऑस्लो परिसरातील मेहेम या वाद्यवृंदाच्या १९८७ च्या ‘डेथक्रश’ या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ कॉनराड श्निट्झलर या जर्मन प्रयोगशील संगीतकाराच्या विद्युत्-तालरचनेने होतो. या तरुणांचे कान केवळ भडक रॉकवर पोसलेले नव्हते, याचा हा पुरावा मानता येईल. डार्कथ्रोनची ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ ही १९९४ ची ध्वनिमुद्रिका चार पट्ट्यांच्या घरगुती यंत्रावर नोंदविली गेली. गिटारचे स्वतंत्र स्वर तीत ऐकू येत नाहीत. एक अखंड, थंड सरसर ऐकू येते. आवाजाचा दर्जा हेतुपुरस्सर खालावणे हा येथे रचनेचाच भाग आहे.

कंठाचे कार्य भाषाभ्यासकाला विशेष विचारात घेण्याजोगे आहे. स्वरयंत्राच्या वरचा भाग आवळून काढलेल्या या किंचाळीत सुराची उंची निश्चित राहत नाही, व्यंजने पुसट होतात आणि स्वरांमधील भेद जेमतेम उरतो. शब्द वेष्टनावर छापलेले असतात. कानाला ते मिळत नाहीत. वाद्यवृंदांच्या नाममुद्रांची गतही तीच. बेल्जियन चित्रकार क्रिस्तोफ श्पाइडेल यांच्यासारख्यांनी रेखाटलेल्या नाममुद्रांत अक्षरे मुळांसारखी वा काट्यांसारखी एकमेकांत गुंततात आणि अनभिज्ञाला वाचताच येत नाहीत. म्हणजे उच्चारण आणि लिपी या दोन्ही पातळ्यांवर येथे वाचनाची क्रियाच अडविलेली असते. देवाविरुद्ध काय म्हटले आहे हे महत्त्वाचे राहत नाही; ‘म्हणणे’च नाकारले जाते. हा प्रसज्यप्रतिषेध होय.

या दृष्टीने बुर्झुम या नावाने एकट्या व्हार्ग व्हिकेर्नेस यांनी केलेली ‘फिलोसोफेम’ ही ध्वनिमुद्रिका पाहावी. ती १९९३ मध्ये नोंदविली गेली व १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. वेष्टनावर नॉर्वेजियन चित्रकार थेओडोर किटेल्सन यांचे १९०० सालचे चित्र आहे. त्यात ना शिंगे आहेत ना पंचकोन. डोंगराळ प्रदेशात शिंग फुंकणारी एक मानवी आकृती आहे. ध्वनिमुद्रिकेत सुमारे पंचवीस मिनिटांची एक कंठविरहित रचना आहे : मोजके स्वर फिरून फिरून येतात, आणि ऐकणाऱ्याचे कालाचे भान हळूहळू सुटत जाते. सैतानाच्या नावाने सुरू झालेल्या या परंपरेतील ही एक श्रेष्ठ कृती असून तिच्यात सैतान कोठेही नाही.

परंतु हे विधान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १० ऑगस्ट १९९३ रोजी याच व्हिकेर्नेस यांनी मेहेमचे गिटारवादक ओइस्टाइन ओर्सेथ यांचा खून केला. १९९४ मध्ये त्यांना या खुनाबद्दल आणि काही चर्चच्या जाळपोळीबद्दल एकवीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१४ मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने त्यांना वंशद्वेषाला चिथावणी दिल्याबद्दल दोषी ठरविले. मेहेमच्या १९९४ च्या ‘दे मिस्तेरीस दोम साथानास’ या ध्वनिमुद्रिकेत मृत आणि मारेकरी दोघेही वाजवीत आहेत. मारेकऱ्याने वाजविलेला भाग काढून टाकावा, अशी मृताच्या आईवडिलांची विनंती होती. तो भाग राहिलाच. ही ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला ही गोष्ट विसरण्याचा अधिकार नाही.

मग कला आणि कृत्य यांचा संबंध कसा लावावा? येथेही नकाराचे व्याकरणच साहाय्यक होते. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळील फांटॉफ्ट येथील जुने लाकडी चर्च जाळण्यात आले. त्याच्या जळक्या सांगाड्याचे छायाचित्र १९९३ मध्ये बुर्झुमच्या ‘आस्के’ या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन झाले. ‘आस्के’ म्हणजे राख. त्या खटल्यात या विशिष्ट आगीच्या आरोपातून व्हिकेर्नेस सुटले, परंतु छायाचित्राचा उपयोग त्यांचाच होता. चिन्हाच्या नकाराने ज्यांचे समाधान होत नाही, ते चिन्हांकित वस्तूवर हात टाकतात, आणि त्या क्षणी कलेचे क्षेत्र संपते. ‘आस्के’चे वेष्टन प्रभावी वाटते ते राखेमुळे, त्यात चित्रकाराचे किंवा संगीतकाराचे काहीच नाही. जी कृती आपला प्रभाव दुसऱ्याच्या हानीतून उसना घेते, ती कृती म्हणून दरिद्री असते. नैतिक निर्णय आणि कलात्मक निर्णय येथे एकाच बिंदूवर येतात. ‘फिलोसोफेम’बाबत ते तसे एकत्र येत नाहीत, तेथे दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे द्यावे लागतात, आणि त्यांतील ताण सोसणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे.

पर्युदासाची जातच हीन आहे, असा यावरून निष्कर्ष निघत नाही. या पंथाबाहेरील एक उदाहरण त्याची साक्ष देईल. ग्रीक वंशाच्या अमेरिकन गायिका डायमांडा गलास यांनी १९८२ मध्ये बोदलेअरच्या सैतानस्तवनपर कवितेला कंठ दिला. एड्सने असंख्य मृत्यू होत असताना, १९९० मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलमध्येच ‘प्लेग मास’ सादर केला. त्यांचा भाऊ याच रोगाने १९८६ मध्ये वारला होता. रुग्णांना पापी ठरविणाऱ्या धर्मवाणीविरुद्ध धर्माच्याच शब्दांत, धर्माच्याच वास्तूत केलेला तो विलाप होता. येथील प्रतिपक्ष खरा, वेदना खरी, म्हणून उलटविलेले चिन्हही खरे ठरते. ज्या सैतानपंथीय कृतींना असा प्रतिपक्ष लाभत नाही, त्यांतील शिंगे केवळ अलंकार म्हणून उरतात.

प्रतिपक्ष नसलेल्या समाजात या संगीताचे काय होते, याचे उत्तर सिंगापूरने दिले आहे. तेथील भारतीय वंशाच्या तरुणांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या रुद्र या वाद्यवृंदाने हाच कर्कश नाद स्वीकारला आणि त्यात संस्कृत मंत्र व वेदान्तविचार आणला. सैतान गळून पडला, नाद टिकला. चिन्ह त्या त्या समाजाच्या अर्थव्यवस्थेशी बांधलेले असते, नाद तुलनेने मोकळा असतो, हेच यावरून दिसून येते. कोकणी भाषेत याचा प्रत्यय नित्याचा आहे : गोव्यातील हिंदू लोकश्रद्धेत ‘देवचार’ हा गावाची सीमा राखणारा राखणदार, ख्रिस्ती कोकणीत तोच शब्द सैतानाचा वाचक. ध्वनी एक, भूमी एक, आणि मूल्य मात्र परस्परविरुद्ध.

तेव्हा सैतानपंथीय कलेपुढे दोन प्रश्न ठेवावेत. जेथे ती चिन्ह उलटविते, तेथे तिच्यासमोर खरा प्रतिपक्ष आहे काय? आणि जेथे ती चिन्हच सोडून देते, तेथे उरलेला नाद स्वतःच्या बळावर उभा राहतो काय? या दोन्ही कसोट्यांना न उतरणाऱ्या कृतींची संख्या मोठी आहे. उतरणाऱ्या थोड्या आहेत. त्या थोड्यांसाठी कान उघडे ठेवणे, आणि त्यांच्याभोवतीच्या राखेकडे डोळेझाक न करणे, ही दोन्ही कामे अभ्यासकाला एकाच वेळी करावी लागतील.