लॉरी बेकर यांची काटकसर आणि छोटी सदनिका-इमारत

लॉरी बेकर (१९१७-२००७) यांची 'हाउसेस : हाऊ टू रिड्यूस बिल्डिंग कॉस्ट्स' ही पुस्तिका अल्पखर्ची गृहबांधणीच्या चर्चेत वारंवार उल्लेखिली जाते. प्रत्येक खर्चाची आवश्यकता तपासावी, हा तिचा गाभा निर्विवाद आहे. तथापि ही दृष्टी प्रामुख्याने एका कुटुंबाच्या, भारवाही भिंतींच्या घराची आहे. तीन-चार मजली, आठ-दहा सदनिकांच्या इमारतीस ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

विटा कडेवर रचून आत पोकळी ठेवणाऱ्या 'रॅट-ट्रॅप' पद्धतीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात. पण आर.सी.सी.च्या सांगाड्यात भिंत ही केवळ भरणी असते. मोठा खर्च खांब, तुळया, लोखंड आणि सेंटरिंग यांवर होतो. याउलट स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी मंगलोरी कौले बसविण्याची त्यांची युक्ती येथे अधिक उपकारक ठरते, कारण प्रत्येक मजल्याचे घटलेले वजन खालच्या खांबांचाही भार हलका करते.

खरी कसोटी तळमजल्याची. वाहनतळासाठी तो मोकळा ठेवला की वरच्या भिंतींचा ताठपणा तेथे उरत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा अनेक इमारती कोसळल्या. त्यानंतर आय.एस. १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्याचे खांब व तुळया अडीचपट बलांसाठी आखण्याची तरतूद आली. बेकर यांचे नाव घेऊन या खांबांत लोखंड वाचविणारा विकासक त्यांचा अनुयायी नव्हे. बचत आराखड्यातच शोधावी : स्वच्छतागृहे पाठीला पाठ लावून, एकावर एक, आणि एका जिन्याभोवती दोनऐवजी चार सदनिका.