नियम कोणाचे, खेळ कोणाचा? : ऑनलाईन खेळांतील ‘खेळाडू मंडळ’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

स्पर्धात्मक खेळाचा विचार करताना सर्वसाधारणपणे जय-पराजयाकडेच लक्ष जाते. ज्या नियमांच्या चौकटीत हा जय-पराजय घडतो ती चौकट कोणी आखली, हा प्रश्न मात्र मागे पडतो. मैदानी खेळांत नियमपुस्तिका छापलेली असते, पंच असतात आणि वाद झाल्यास दाद मागण्याची काही एक रीत असते. ऑनलाईन खेळांत नियम हा संगणकप्रणालीचाच भाग असतो. कंपनीने नवे अपडेट दिले की काल प्रभावी असलेले शस्त्र आज निष्प्रभ ठरते आणि महिनोन्महिने केलेला सराव वाया जातो. बदलांची टिपणी प्रसिद्ध होते, पण बदलापूर्वी खेळाडूचे म्हणणे ऐकले जाईलच अशी हमी नसते. यावर उपाय म्हणून खेळाडूंच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमावे आणि खेळाचे संतुलन राखण्यात त्याला वाटा द्यावा, अशी संकल्पना पुढे आली आहे.

संकल्पना स्वागतार्ह आहे. परंतु मंडळ नेमले की न्याय आपोआप होतो, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. वऱ्हाडाला हा प्रश्न परका नाही. ज्या काळात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, त्याच काळात महाराष्ट्रातील देशी खेळ लेखी नियमांच्या चौकटीत आले. त्या अनुभवाच्या कसोटीवर खेळाडू मंडळाच्या संकल्पनेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संतुलनाचा अर्थ

संतुलन म्हणजे दोन्ही पक्षांना सारखेच गुण मिळणे नव्हे. अधिक कुशल असेल त्याने जिंकावे, पण एकच डाव किंवा एकच साधन सदासर्वदा जिंकू नये, आणि मागे पडलेल्याला पुन्हा उभे राहण्याची वाट असावी, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे. कबड्डीचे जुने तीन प्रकार पाहिले म्हणजे हा अर्थ स्पष्ट होतो. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. त्यामुळे एकदा घसरलेला संघ घसरतच जातो. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो आणि प्रतिपक्षाला केवळ गुण मिळतो. येथे संघाचे बळ कायम राहते, पण बाद होण्यातील धाक कमी होतो. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी परत येतो. धाकही राहतो आणि आशाही राहते. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

पुढील काळातील नियमही याच दिशेचे आहेत. बचाव करणारे सहा किंवा अधिक गडी मैदानात असतील तरच चढाई करणाऱ्यास बोनस रेषेचा गुण मिळतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर त्यांना एक गुण अधिक मिळतो. ज्याची बाजू त्या क्षणी दुबळी, त्याच्या पारड्यात नियम थोडे वजन टाकतो. कुस्तीच्या दंगलीत पंच ‘जोड’ पाहून कुस्ती लावतात, तीही संतुलनाचीच क्रिया होय. ऑनलाईन खेळात समान दर्जाचे प्रतिस्पर्धी एकत्र आणण्याचे हे काम यंत्राकडे सोपविलेले असते, एवढाच फरक.

देशी खेळांचे नियमन आणि अमरावती

हुतुतू हा खेळ एकेकाळी गावागणिक वेगळा होता. गड्यांची संख्या, मैदानाची मापे, दम धरण्याचा उच्चार यांत एकवाक्यता नव्हती. गावातल्या गावात खेळताना त्याची गरजही नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणचे संघ समोरासमोर येऊ लागले तेव्हा लेखी नियम अपरिहार्य झाले. १९१८ मध्ये साताऱ्यात नियमांना काही एक आकार आला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरविली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना सुधारित रूप दिले. १९५० मध्ये अखिल भारतीय पातळीवरील महासंघ स्थापन झाला.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडातील आखाड्याचा खेळ युरोपातील प्रेक्षकांपुढे नेण्यासाठी त्यास निश्चित रूप असणे आवश्यक होते. खेळ जितका दूर जातो, तितकी लेखी नियमाची गरज वाढते, हे या घटनेतून दिसते.

या प्रक्रियेचे मूल्यमापन करताना तिची उणीवही नोंदवली पाहिजे. नियम ठरविणारे प्रामुख्याने संघटक आणि व्यायामशिक्षक होते. त्या वेळी प्रत्यक्ष खेळणाऱ्या तरुणांचे निवडून दिलेले प्रतिनिधी, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. एकसूत्रीकरणात काही स्थानिक प्रकार मागे पडले. तरीही ही व्यवस्था टिकली, कारण तिला दोन नैसर्गिक मर्यादा होत्या. एक म्हणजे नियम मैदानावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत तपासला जात असे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. महासंघाचा नियम पटला नाही तरी गावच्या चौकात जुन्या रीतीने खेळण्यास कोणी आडकाठी करू शकत नव्हते. माती गावाची होती.

ऑनलाईन खेळातील प्रयोग

खेळाडू मंडळाचे सर्वपरिचित उदाहरण ‘ईव्ह ऑनलाईन’ या खेळाचे आहे. आइसलँडमधील ‘सीसीपी’ या कंपनीने २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. २००७ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने एका खेळाडू-गटाला अनुचित लाभ करून दिल्याचे उघड झाले आणि खेळाडूंचा विश्वास डळमळला. त्यानंतर २००८ मध्ये खेळाडूंनी मतदानाने निवडलेले नऊ सदस्यांचे मंडळ अस्तित्वात आले. सदस्यांना कंपनीच्या मुख्यालयी बोलावून चर्चा होऊ लागली व बैठकींचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले. २०११ मध्ये खेळातील महागड्या दिखाऊ वस्तूंवरून असंतोष उसळला, तेव्हा कंपनीने या मंडळाची तातडीची बैठक घेतली. संकटकाळी बोलण्यासाठी एक मान्य मुख असणे किती उपयोगी ठरते, हे यावरून लक्षात येते.

परंतु याच प्रयोगाने दोष दाखवून दिले. मोठ्या संघटित गटांनी एकगठ्ठा मतदान करून जागा मिळवल्या. एकट्यादुकट्याने खेळणाऱ्यांचा आवाज क्षीण राहिला. २०१३ मध्ये पसंतिक्रमाची मतदानपद्धती स्वीकारली गेली, ती या पार्श्वभूमीवर. शिवाय सदस्यांना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. ज्या मतदारांनी निवडून दिले, त्यांच्यापाशीच अनेक गोष्टी बोलता येत नाहीत. मंडळाचे अधिकार सल्ल्यापुरते आहेत, अंतिम निर्णय कंपनीचा.

दुसरा मार्ग थेट मतदानाचा. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा खेळ २०१३ मध्ये खेळाडूंच्या मागणीवरूनच, २००७ मधील जुन्या रूपात पुन्हा सुरू झाला. नव्या भरीसाठी ७५ टक्के मतांची अट ठेवली गेली. पुढे ती ७० टक्क्यांवर आली. मात्र खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याच्या भागाविषयीचे प्रस्ताव, त्या भागात फारसे न जाणाऱ्या बहुसंख्यांच्या मतांवर अडू लागले. खेळाच्या निकोपतेसाठी आवश्यक असे काही बदल मतदानाविना करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला. बहुमत आणि संतुलन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या प्रयोगाचा धडा होय.

संतुलन कोणासाठी?

‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळाच्या कंपनीने २०१९ मध्ये संतुलनाची जी चौकट प्रसिद्ध केली, तीत खेळाडूंचे चार थर मानले होते : सामान्य, कुशल, अत्युच्च आणि व्यावसायिक. एखादे पात्र यांपैकी एकाही थरात अतिप्रबळ ठरले तर ते अतिप्रबळ समजावे, आणि चारही थरांत दुबळे असेल तरच दुबळे समजावे, असे तिचे सूत्र होते. एकच साधन नवख्याच्या हाती निरुपयोगी आणि निष्णाताच्या हाती अजिंक्य असू शकते, याची ही कबुली आहे.

येथेच प्रचलित संकल्पनेतील मुख्य दोष उघड होतो. खेळाडू मंडळ म्हटले की त्यात विजेते आणि नामवंत खेळाडूच घ्यावेत, असे गृहीत धरले जाते. त्यांना खेळाचे ज्ञान अधिक असते, यात शंका नाही. पण ज्या असंतुलनामुळे ते जिंकतात, ते त्यांना असंतुलन वाटण्याची शक्यता कमी असते. नियमाचा काच हरणाऱ्याला आधी जाणवतो. तो प्रत्येक वेळी बरोबर असतो असे नव्हे. पण त्याची तक्रार ऐकल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

वऱ्हाडातील खेळाडूचे स्थान

दर्यापूर किंवा मूर्तिजापूर येथील तरुण साध्या मोबाईलवर, कमीजास्त होणाऱ्या नेटवर्कवर खेळतो तेव्हा बंदुकीच्या माऱ्याचे आकडे कितीही समतोल असले तरी त्याची लढत समतोल नसते. विजेत्यांच्या मंडळात हा प्रश्न निघण्याचा संभव थोडा. कारण तेथे पोचलेल्याने ही अडचण एव्हाना मागे टाकलेली असते. मराठीत तक्रार मांडण्याची सोय नसणे, हाही प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे.

मैदान आपले नसल्याचा अनुभव भारतीय खेळाडूंनी घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली. २०२१ च्या जुलैमध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ हा खेळ आला, २०२२ च्या जुलैमध्ये तो मोबाईलच्या दुकानांवरून हटविला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. या निर्णयांची कारणे खेळाबाहेरची होती, आणि त्यांच्या युक्तायुक्ततेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. खेळाडूंच्या बाजूने बोलणारी मान्यताप्राप्त संस्था मात्र कोठेही दिसली नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने दोन कायदे संमत केले. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांना खेळाडू समिती स्थापणे बंधनकारक केले आणि कार्यकारिणीत खेळाडूंना स्थान दिले. ऑनलाईन खेळांविषयीच्या कायद्याने पैशांवरील खेळांना मनाई करून ई-स्पोर्ट्सला मान्यता व प्रोत्साहन देऊ केले. या दुसऱ्या कायद्याचा भर मनाई, नियंत्रण व प्रोत्साहन यांवर आहे. खेळाचे नियम बदलताना खेळाडूला विचारावे, हा विचार त्याच्या केंद्रस्थानी नाही. ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणायचे असेल, तर पहिल्या कायद्यातील खेळाडू समितीचे तत्त्व तेथेही लागू होणे तर्कसंगत ठरते.

समारोप

देशी खेळांच्या जुन्या मंडळांत खेळाडूंचे प्रतिनिधी नव्हते, पण मैदान खेळाडूंचे होते. ऑनलाईन खेळातील नव्या मंडळांत प्रतिनिधी आहेत, पण मैदान कंपनीचे आहे. नियम यंत्रात गेला की तो न मानण्याची वाटच बंद होते. म्हणून नव्या मंडळाला जुन्या मंडळापेक्षा अधिक अधिकार असले पाहिजेत. केवळ सल्ल्याचा अधिकार ही त्याची सुरुवात होऊ शकते, पूर्तता नव्हे.

या विवेचनावरून चार किमान अटी सांगता येतात. मंडळात कौशल्याच्या प्रत्येक थराला, तसेच साध्या साधनांवर व दूरच्या गावांतून खेळणाऱ्यांना राखीव जागा असाव्यात. मंडळाने आकडे ठरवू नयेत, ते काम जाणकारांचे. पण असंतुलनाची तक्रार दाखल करण्याचा आणि मुदतीत लेखी, सकारण उत्तर मिळविण्याचा हक्क त्याला असावा. मोठा बदल लागू करण्यापूर्वी तो चाचणी-स्पर्धेत खुलेपणाने तपासला जावा. आणि गोपनीयता व्यापारी माहितीपुरतीच मर्यादित असावी. नियमांविषयीची चर्चा मतदारांपुढे यावी.

या अटींवाचून नेमलेले मंडळ कंपनीच्या निर्णयांना खेळाडूंच्या संमतीचा शिक्का देणारे साधन ठरेल. दंगलीतील पंचाने लावलेली जोड प्रेक्षकांना पटली नाही, तर मैदानातून आवाज उठतो आणि पंचाला तो ऐकावा लागतो. खेळाडू मंडळाची कसोटी हीच आहे : उठलेला आवाज ऐकणे त्या व्यवस्थेत कोणाला भाग पडते काय?