जिवंत इतिहास आणि बोलता इतिहास : वसई-साष्टीतील चर्चस्थळांवरील लोककार्यक्रमांची चिकित्सा

१

कळव्याहून पूल ओलांडून ठाण्यात शिरणारा प्रवासी साष्टीच्या बेटावर पाऊल ठेवीत असतो, ही जाणीव आज फारशी कोणास राहिलेली नाही. या बेटावर आणि उत्तरेस वसईच्या मुलखात पोर्तुगीज अमदानीतील चर्चे आहेत. त्यांतील काही आजही नांदती आहेत, तर काही भग्नावस्थेत आहेत. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. आता ‘तुरुंग’ हा मराठी शब्दच मुळी पोर्तुगीज ‘त्रोंकु’ या शब्दापासून आलेला आहे. वास्तूचे धनी तीनदा बदलले, परंतु शब्द मात्र सामान्य माणसाच्या तोंडी टिकून राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय या छोट्याशा उदाहरणात बीजरूपाने सामावलेला आहे.

अलीकडे अशा जुन्या स्थळांवर पदयात्रा, व्याख्याने, संगीताचे कार्यक्रम, वेषधारी प्रसंगदर्शने इत्यादींची योजना होऊ लागली आहे. ‘जिवंत इतिहास’ ही संज्ञाही त्यांबरोबर आपल्याकडे आली आहे. लोकांनी दगडांकडे पुन्हा पाहावयास लागावे हे इष्टच होय. तथापि ‘जिवंत’ हे विशेषण नेमके कशास लावावयाचे, याचा विचार व्हावयास हवा.

२

या कल्पनेचा उगम सामान्यतः स्टॉकहोम येथील स्कान्सेन या मोकळ्यावरील संग्रहालयात दाखविला जातो. आर्तुर हाझेलियुस यांनी ते १८९१ मध्ये स्थापन केले. पुढे सेग्लोरा या गावचे अठराव्या शतकातील लाकडी चर्च उचलून तेथे उभे करण्यात आले. ते आज विवाहविधींसाठी लोकप्रिय आहे. चर्च राहिले, पण त्याचा मूळ पॅरिश, म्हणजे त्या चर्चच्या भोवती नांदणारा समाज, मागे गावातच राहिला.

अमेरिकेतील विल्यम्सबर्ग या वसाहतकालीन नगराचे पुनरुज्जीवन १९२६ पासून सुरू झाले. त्यामागची प्रेरणा ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू गुडविन यांची होती आणि द्रव्य रॉकफेलर यांचे होते. हे चर्च १७१५ चे असून आजही उपासनेत आहे. परंतु अठराव्या शतकात ज्या नगरातील सुमारे निम्मी वस्ती गुलाम कृष्णवर्णीयांची होती, त्या नगराच्या प्रसंगदर्शनात त्या निम्म्या वस्तीला दीर्घकाळ वाचा नव्हती. १९७९ नंतर ही स्थिती पालटू लागली. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग तेथे करून दाखविण्यात आला, तेव्हा मोठा वाद माजला. त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पोशाख, भांडी आणि घोडागाडी यांची काटेकोर अचूकता साधूनही इतिहास अर्धा राहू शकतो. कोणास बोलू दिले जाते, यावर त्याचे पूर्णत्व अवलंबून असते.

३

आता वसईकडे वळू. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर किल्ल्याच्या तटाआत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आदी धर्मसंघांची चर्चे व मठ उभे राहिले. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत आजही पोर्तुगीज लेख असलेल्या समाधिशिला दिसतात. त्या बहुतांशी सरदार-घराण्यांच्या आहेत. भाषेचा अभ्यासक या शिलांपाशी सहजच रमतो, पण त्याने येथे सावध राहिले पाहिजे. ज्याच्यापाशी शिला कोरून घेण्याचे ऐपत होती तोच तेथे बोलतो. ज्यांनी चुना मळला, दगड वाहिले, त्यांचा त्या फरशीवर एकही शब्द नाही. म्हणून जे कार्यक्रम केवळ दगडाच्या मागोमाग जातात, ते नकळत सत्तेच्याच मागोमाग जातात.

याच किल्ल्यात १७३९ च्या विजयाचे स्मरण केले जाते. चिमाजी आप्पांची मोहीम हा मराठ्यांच्या इतिहासातील उज्ज्वल प्रसंग आहे आणि त्याचा गौरव सर्वथैव उचित आहे. परंतु या गौरवाच्या ओघात चर्चची भिंत शत्रूची आणि म्हणून परक्याची ठरते, असे घडता कामा नये. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपला धर्म पाळण्याची मुभा होती. विजयाची कथा सांगताना हे कलम गाळले, तर विजेत्याचेच एक मोठेपण गाळल्यासारखे होते. वसईहून गेलेल्या घंटांपैकी एक भीमाशंकरी आणि एक नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आहे. तेथे त्या देवापुढेच वाजत आल्या. कोणत्याही वेषधारी प्रयोगापेक्षा हा इतिहास अधिक जिवंत आहे, कारण त्यात कोणी कोणाचे सोंग घेतलेले नाही.

४

‘पोर्तुगीज चर्च’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. तो वास्तूच्या काळापुरता खरा आहे, परंतु माणसांना लावला की खोटा ठरतो. वसईतील कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची बोली एकच आहे. तिला सामवेदी वा कादोडी म्हणतात. वाडवळी बोलीही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांत बोलली जाते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या परिसरातील बोलींची नोंद आहे. धर्माची रेषा एकीकडून जाते आणि बोलीची रेषा तिला छेदून दुसरीकडून जाते, हे येथील समाजाचे मर्म होय. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’पासून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जडणाऱ्या धर्मबापाच्या नात्यापासून आला, असे मानतात. म्हणजे परका शब्द घेऊन त्याचे आपले नाते केले गेले. उलट साष्टी-ठाण्याकडील ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी धारण केले. एका नावात नाते आहे आणि दुसऱ्यात राज्यव्यवहार आहे. स्थळदर्शन घडविणाऱ्याने हा भेद श्रोत्यांस सांगितला, तर तासाभराच्या व्याख्यानाचे काम होईल.

याच प्रदेशातील ख्रिस्ती लोकभाषेत फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराइंश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने ख्रिस्ताच्या दुःखभोगावर पुराण रचले. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’चा आपण सार्थ अभिमान बाळगतो, पण उत्तर कोकणातील या रचनेचे नाव आपल्या विद्यार्थ्यांसही क्वचितच ठाऊक असते. दुसऱ्या बाजूस, १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला होता, हेही विसरता येणार नाही. चर्चसंस्थेच्या छायेत लोकभाषेस ग्रंथ मिळाला आणि तिच्यावर बंदीही आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे धैर्य ज्या कार्यक्रमात नाही, तो एक तर स्तुतिपाठ होतो किंवा आरोपपत्र होते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. किल्ल्यातील चर्चे ही आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील वास्तू आहेत. तटाआतील वस्ती मुख्यतः पोर्तुगीजांची होती, आणि कादोडी बोलणारा शेतकरी तटाबाहेरचा. मग त्याची बोली या भिंतींत आणावयाची ती कोणत्या अधिकाराने? आक्षेप वजनदार आहे, आणि तट होता हे लपवून चालणार नाही. परंतु ज्या जेझुइट चर्चला लोक आज गोन्सालो गार्सिया यांचे चर्च म्हणून ओळखतात, त्याचे नावच या आक्षेपास उत्तर देते. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदास पोहोचले. त्यांच्या सणास या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये मिस्सा होते. अंधेरी येथील १५७९ चे संत जॉन बाप्टिस्ट चर्च एकोणिसाव्या शतकात साथीमुळे ओस पडले आणि आज औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड आहे. तेथेही भाविक वर्षातून एकदा जमतात. जमणारे लोक पोशाख बदलून गतकाळ दाखवीत नाहीत. ते प्रार्थना करतात, आणि ती आपल्या भाषेत करतात. ‘जिवंत इतिहास’ या संज्ञेस पात्र असे काही असेल तर ते हेच होय.

म्हणून अशा कार्यक्रमांसाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते : सांगणाऱ्याची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार स्थळाशी बांधलेल्या माणसास आहे काय? तो श्रोत्यांच्या मागच्या रांगेत उभा असेल, किंवा लुगडे नेसून छायाचित्रापुरता पुढे आणला जात असेल, तर कार्यक्रम कितीही देखणा असो, तो जिवंत नव्हे. उलट एखादी वृद्धा व्याख्यात्यास मध्येच थांबवून “आमच्यात त्याला असे म्हणत नाहीत” म्हणू शकली आणि व्याख्यात्याने ते टिपून घेतले, तर तेथे इतिहास चालू आहे असे समजावे. तिच्या वेळेचा व श्रमाचा मोबदला व्याख्यात्याच्या मानधनाइतकाच गंभीरपणे ठरविला जावा, हेही ओघाने आले.

६

ही कसोटी प्रथम आपल्या विषयास लावून पाहणे प्रामाणिकपणाचे होईल. बोलींचे सर्वेक्षण करणारे आपण चर्चच्या अंगणात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन बसतो, नातेवाचक शब्द विचारतो, म्हाताऱ्या माणसांकडून लग्नाची गाणी गाऊन घेतो आणि परत येतो. प्रबंधात ती माणसे ‘निवेदक क्रमांक तीन’ म्हणून उरतात. प्रस्तुत लेखकाने स्वतः असे मुद्रण केले आहे. त्यातील फारच थोडे त्या घरांकडे परत गेले. पुष्कळदा नातवंडांना आजीचा आवाज हवा असतो, आणि तो आपल्या कपाटात असतो. दोन चाकरमान्या पिढ्यांत बोली घराच्या ओसरीवरून ओसरू लागल्यावर हे कपाट त्या समाजाच्या दृष्टीने कुंपणाआडच्या चर्चइतकेच दुर्गम ठरते.

तेव्हा इतरांच्या कार्यक्रमांची चिकित्सा करताना विभागानेही एक पाऊल उचलावे, अशी नम्र सूचना आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रत्येक बोलीमुद्रणाची एक प्रत संबंधित कुटुंबास, आणि त्यांची संमती असल्यास त्यांच्या पॅरिशला वा गावच्या ग्रंथालयास, प्रबंध सादर होण्यापूर्वी पोहोचविली जावी. प्रत पोहोचविताना विद्यार्थ्याने त्या घरी बसून आपले टिपण वाचून दाखवावे आणि झालेल्या दुरुस्त्या प्रबंधात नमूद कराव्यात. याने प्रबंधास महिना-दोन महिने विलंब होईल. तो विलंब सोसण्यासारखा आहे, असे या लेखकाचे मत आहे.