शिएनाच्या संत कॅथरीनचीं पत्रें

संतचरित्रें वाचतांना आम्हांस एक अडचण नेहमीं जाणवते. चरित्रकाराची भक्ति जितकी उत्कट, तितकी चरित्रनायिका वाचकापासून दूर जाते. इटलींतील शिएना नगरीच्या कॅथरीनच्या बाबतींत सुदैवानें या दोषावर उतारा उपलब्ध आहे. तिचा गुरु कापुआचा रेमंड यानें तिच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लॅटिन चरित्रांत चमत्कारांची रेलचेल आहे. पण तिचीं स्वतःचीं सुमारें ३८० पत्रेंहि उरलीं आहेत, आणि त्यांत बाई भेटते.

ती १३४७ सालीं एका रंगाऱ्याच्या घरीं जन्मली. आईबापांनीं लग्नाचा आग्रह धरतांच तिनें केस कापून टाकले. पण मठांतहि ती गेली नाहीं. डोमिनिकन संघाच्या व्रतस्थ स्त्रियांचा वेष घेऊन ती घरींच राहिली आणि रोग्यांची सेवा करूं लागली. या स्त्रियांत बहुतेक विधवा असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कोवळ्या मुलीच्या हट्टाची कल्पना येते.

पत्रें तिनें बहुतेक तोंडानें सांगितलीं व इतरांनीं उतरून घेतलीं. तीं राजेराण्यांस आहेत, हॉकवूड या भाडोत्री इंग्रज सेनानीस आहेत, तशींच आईला आणि पेरुजियांतील एका वेश्येलाहि आहेत. पोपला ती घरगुती बोलींतील ‘बाबा’ अशाच अर्थाच्या शब्दानें हांक मारते आणि त्याच दमांत मर्दासारखा वाग म्हणून बजावते! आमच्या मतें या संग्रहांतील शिरोमणि मात्र रेमंडला लिहिलेलें एक पत्र होय. देहदंडाची शिक्षा झालेल्या एका तरुणाला तिनें धीर दिला, वधस्थानीं ती त्याच्या आधीं जाऊन उभी राहिली आणि त्याचें तुटलेलें मस्तक तिनें आपल्या हातांत झेललें. हें सांगतांना तिची वाणी रक्ताच्या प्रतिमांनीं इतकी भारून जाते, कीं वाचक क्षणभर बिचकतो. बिचकावें, पण पान उलटूं नये.

पोपला आव्हिन्यॉनहून रोमला आणल्याचें सारें श्रेय भाविक तिला देतात. आम्हांस तें अतिशयोक्त वाटतें. अकराव्या ग्रेगरीचा तसा विचार आधींपासूनच होता आणि इटलींतील त्याचा मुलूख बंड करून उठला होता. १३७६ मध्यें तिनें त्याच्या डळमळत्या निश्चयास टेकू दिला, एवढें खरें. जानेवारी १३७७ मध्यें तो रोमला पोंचला. दुसऱ्याच वर्षीं धर्मपीठ दुभंगलें, तें १४१७ पर्यंत सांधलें नाहीं. शिवाय तिनें धर्मयुद्धाचा जो धोशा लावला, त्याचें समर्थन आम्हांस करवत नाहीं. तिच्या उपासांचेंहि नाहीं. रोममध्यें १३८० सालीं, अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, ती गेली तेव्हां देह पार झिजला होता. रेमंड या उपासांचें कौतुक करतो, तेथें आम्ही त्याच्याशीं सहमत नाहीं.

१४६१ मध्यें तिला संतपद मिळालें. १५०० सालीं व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसनें तिचीं पत्रें छापलीं. त्यांतील तिच्या चित्रांत कोरलेले कांहीं शब्द हा तिरप्या इटॅलिक अक्षराचा पहिला अवतार समजतात. मुद्रकांनीं तरी या रंगाऱ्याच्या मुलीची आठवण ठेवावी! ‘धर्माचार्य’ ही पदवी मात्र स्त्रियांना मिळण्यास १९७० साल उजाडलें. तेरेसानंतर आठच दिवसांनीं ती कॅथरीनला मिळाली.

नव्या वाचकानें प्रथम वर सांगितलेलें पत्र वाचावें, मग आईला लिहिलेलीं, आणि तिचा ‘संवाद’ हा ग्रंथ त्यानंतर. रेमंडचें चरित्र सर्वांत शेवटीं.