सिंक्लेअर ल्यूइस आणि सज्जनांची सुस्ती

उपरोधाचे वाङ्मय अल्पायुषी असते, असा एक समज रूढ आहे. ज्या व्यक्तीवर लेखकाने शस्त्र उगारले ती काळाआड गेली की शस्त्रही गंजते, असे त्यामागील तर्कट. साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे पहिले अमेरिकन मानकरी (१९३०) सिंक्लेअर ल्यूइस यांच्या ‘इट कान्ट हॅपन हिअर’ या कादंबरीने हा समज खोटा ठरविला आहे. तिच्यातील हुकूमशहा ज्यांच्यावर बेतला असे मानतात, ते लुइझियानाचे पुढारी ह्यूई लाँग १९३५ च्या सप्टेंबरात मारले गेले. कादंबरी प्रसिद्ध झाली ती त्यानंतर, ऑक्टोबरात. तरीही २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अमेरिकन वाचकांनी ती पुन्हा हुडकून काढली.

कथानक सर्वश्रुत आहे. दर कुटुंबास वर्षाला ५,००० डॉलरचे आमिष दाखवून बझ विंड्रिप रीतसर निवडून येतो, काँग्रेसला निष्प्रभ करतो आणि ‘मिनिट मेन’ या आपल्या सेनेकरवी छळछावण्या उभारतो. ल्यूइस यांच्या पत्नी, पत्रकार डोरोथी थॉम्पसन, यांना १९३४ साली जर्मनीतून हद्दपार व्हावे लागले होते. तेव्हा हे चित्र नुसत्या कल्पनेतून उतरलेले नव्हे.

तथापि तिला भविष्यवाणी म्हणून गौरविणे आम्हांस मान्य नाही. भविष्य म्हणून ती चुकलीच. १९३६ साली अमेरिकेने रूझवेल्ट यांनाच पुन्हा निवडले. कलाकृती म्हणूनही ती ‘बॅबिट’च्या (१९२२) तोडीची नाही. उत्तरार्धात प्रसंगांची घाई होते आणि विंड्रिप हा माणसापेक्षा बाहुलेच अधिक वाटतो.

मग ती टिकली कशाने? आमच्या मते, व्हर्माँटमधील एका छोट्या गावचे संपादक डोरेमस जेसप यांच्यामुळे. हे गृहस्थ बहुश्रुत आहेत, विनोदी आहेत, सहिष्णु आहेत. आणि वेळ निघून जाईपर्यंत स्वस्थ आहेत. त्यांच्या घरचा उद्धट गडी शॅड लेड्यू नव्या राजवटीत अधिकारी होऊन त्यांच्याच उरावर बसतो, तेव्हा त्याच्या मनात साचलेल्या द्वेषाकडे आपण कधी गंभीरपणे पाहिलेच नाही, हे वाचकाला उमगते. अखेर जेसप दोष देतात तो स्वतःसारख्या सभ्य, आळशी बुद्धीच्या माणसांना. ‘मेन स्ट्रीट’पासून (१९२०) ल्यूइस ज्या आत्मतुष्टीची चेष्टा करीत आले, तिची किंमत किती पडते हे त्यांनी येथे दाखविले. विंड्रिपला त्याचाच साहाय्यक सॅरासन पदच्युत करतो, आणि सॅरासनला एक सेनापती संपवितो. जुलूम मात्र तसाच चालू राहतो. म्हणजे रोग एका व्यक्तीत नव्हता.

ही कादंबरी शिकविताना विंड्रिपसारखा आज कोण, हा प्रश्न सहज सुचतो आणि त्याचे उत्तर प्रत्येकजण आपल्या पक्षाच्या सोयीने देतो. आपल्यात जेसप किती, हा प्रश्न अधिक अवघड आहे. अध्यापकांनी तोच वर्गात विचारावा, असे आम्हांस वाटते.